चार उन्हाळे पाहिलेला २४ इंची मॉनिटर

जळगावात राहून मराठी पुस्तके, स्मरणिका आणि गौरवग्रंथ यांची अक्षरजुळणी व मुद्रितशोधन करणे हा गेली अनेक वर्षे माझा व्यवसाय आहे, आणि त्यामुळे दिवसातील आठ-नऊ तास माझी नजर संगणकाच्या पडद्यावर खिळलेली असते. २०२२ च्या गुढीपाडव्याला मी एका परिचित कंपनीचा २४ इंची मॉनिटर १०,८०० रुपयांना घेतला. खोके उघडल्याच्या दिवशीच लिहिलेली परीक्षणे पुष्कळ वाचायला मिळतात. परंतु मे महिन्यातील ४४-४५ अंशांचे ऊन, कूलरचा ओलावा, धूळ आणि दुपारी दोनदा जाऊन येणारी वीज यांत ही वस्तू कशी टिकते, हे त्यांतून कळत नाही. माझ्या मॉनिटरने हे चार उन्हाळे पाहिले आहेत, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतील बहुतेक मॉनिटर एकाच धाटणीचे असतात आणि पुढे सांगितलेले बरेचसे गुणदोष त्या सर्वांना लागू पडतात.

नवा मॉनिटर घेण्याची वेळ आली ती घरातल्या स्वच्छतेपायी. आधीचा १९ इंची मॉनिटर दिवाळीच्या साफसफाईत भाच्याने मोठ्या हौसेने पुसायला घेतला आणि आरशावर मारतात तसा काच पुसण्याचा निळा फवारा थेट पडद्यावर मारला. तो द्रव ओघळून खालच्या चौकटीच्या फटीत उतरला. अनेक मॉनिटरमध्ये नेमक्या याच ठिकाणी पडद्याच्या उभ्या रांगांना संकेत पुरवणारी अरुंद पट्टी आणि तिच्या केसासारख्या बारीक जोडण्या असतात. तिसऱ्या दिवशी एक गुलाबी उभी रेघ उमटली आणि आठवडाभरात त्या रेघा सात झाल्या. अमळनेरकडच्या एका कारागिराने खालच्या कडेवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हटले, “भाऊ, हाई काच नही शे.” त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. आपल्या बोटाला लागणारा मॉनिटरचा पृष्ठभाग हा प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि प्रकाशाची चमक मारू नये म्हणून त्यावर खरबरीत लेप दिलेला असतो; अमोनिया, स्पिरिट किंवा ॲसिटोन लागले की तो लेप डागाळतो. पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा मुख्य भाग, बदलण्याचा खर्च नव्या मॉनिटरच्या किमतीच्या आसपास जात होता, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

नव्या मॉनिटरचे पॅनेल आयपीएस जातीचे, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारे, असून त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू आहेत, म्हणजे एका इंचात साधारण ९२ बिंदू येतात. इंग्रजी मजकुरासाठी एवढी घनता पुरेशी मानली जाते. देवनागरीची कसोटी मात्र अधिक कठीण असते, कारण आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर दाटीने बसतात. जुन्या पडद्यावर ‘कीर्ती’मधील रफार दुसऱ्या वेलांटीत मिसळून एक काळा ठिपका होत असे, आणि ‘मंद’चा ‘मद’ झालेला मला दोनदा छापून आल्यावर कळला होता. नव्या मॉनिटरवर पान १३० टक्के मोठे करून पाहिले असता रफार आणि वेलांटी वेगवेगळी दिसतात. ‘राष्ट्रीय’मधील जोडाक्षर तपासायचे असेल तर आजही पान आणखी मोठे करावे लागते, आणि ही या वर्गाच्या मॉनिटरची मर्यादाच म्हटली पाहिजे. हा पडदा पहिले दोन दिवस मी जुन्या व्हीजीए केबलने जोडला होता आणि अक्षरांच्या कडा किंचित पसरलेल्या दिसत होत्या. एचडीएमआय केबल लावून विंडोजमधील ‘क्लिअरटाइप’ या अक्षरे रेखीव दाखवणाऱ्या सोयीची जुळवणी केल्यावर तोच पडदा स्वच्छ दिसू लागला; मॉनिटर परत करण्याच्या विचारात असलेल्याने आधी एवढे करून पाहावे.

एक तक्रार पहिल्याच आठवड्यातली आहे. काळ्या पार्श्वभूमीवर वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ एक हिरवा ठिपका सतत जळत असलेला दिसला. दुकानदाराने कंपनीच्या सेवा केंद्राकडे बोट दाखवले आणि सेवा केंद्राने नियम दाखवला, की एखाद्या उपबिंदूचा दोष बदलीस पात्र नाही. हिशेब केला तर २०,७३,६०० बिंदू आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन, म्हणजे एकूण ६२,२०,८०० उपबिंदूंपैकी एकच बिघडलेला होता, आणि बिंदुदोषांच्या अशा मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांतही घालून दिलेल्या आहेत. तरीही विक्रेत्याने हा नियम बिल फाडण्यापूर्वी सांगायला हवा होता, हे माझे मत कायम आहे. खरेदीच्या वेळी दुकानातच पडदा क्रमाने पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा करून पाहावा; त्याला पाच मिनिटे लागतात आणि दुकानदाराच्या कपाळावरील आठ्या सहन कराव्या लागतात. तेवढ्यातच मागच्या पट्टीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो.

डोळ्यांच्या दृष्टीने या मॉनिटरचा पहिला अनुभव वाईट होता, आणि त्यात मॉनिटरचा दोष नव्हता. कारखान्यातून तो जवळजवळ पूर्ण ब्राइटनेसवर येतो. दुकानातील झगमगाटात तो उठून दिसत असेलही, पण घरातील खोलीत ते पांढरे पान ट्यूबलाइटकडे पाहावे तसे डोळ्यांत खुपते. माझी पद्धत साधी आहे: छपाईचा कोरा कागद पडद्याशेजारी धरायचा आणि दोन्हींचा पांढरेपणा सारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करायचा. दिवसा तो आकडा ३५ च्या आसपास येतो, रात्री २०. कमी ब्राइटनेसवर काही मॉनिटरचा प्रकाश अतिशय वेगाने उघडझाप करतो आणि त्याने काहींचे डोके दुखते. मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरल्यास अशा वेळी सरकणारे काळे पट्टे दिसतात. माझ्या मॉनिटरवर ते कोणत्याही पातळीला दिसले नाहीत, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

निळा प्रकाश कमी करणारी जी सोय खोक्यावर ठळकपणे छापली होती, तिचा मला विशेष उपयोग झाला नाही. ती चालू केली की पडदा हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा दिसतो आणि मुखपृष्ठाचे रंग तपासता येत नाहीत. पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने स्पष्ट म्हटले आहे. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण बरेच कमी होते, बुबुळावरचा ओलावा सुकतो आणि जवळच्या अंतरावर तासन् तास नजर रोखल्याने डोळ्यांचे स्नायू थकतात; चुरचुर होते ती या कारणांनी. खान्देशातील कोरड्या उन्हाळ्यात, वर तोंडावर पंख्याचा झोत असेल तर हा त्रास दुप्पट जाणवतो. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नियम ऐकायला बाळबोध वाटतो, पण मी खिडकीतून शेजारच्या अंगणातील कडुनिंब पाहण्याची सवय लावून घेतल्यापासून संध्याकाळी डोळ्यांवर ओले फडके ठेवावे लागलेले नाही.

स्टँड ही या मॉनिटरची सर्वांत कमकुवत बाजू आहे. पडदा पुढे-मागे किंचित कलतो, एवढेच. उंची बदलत नाही आणि टेबलावर टंकलेखन करताना तो थरथरतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर असावे, असे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. ते पाळण्यासाठी मी जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा मॉनिटरखाली ठेवला आणि महिनाभरात मान आखडू लागली. दोष गठ्ठ्याचाही नव्हता. मला वयोमानानुसार प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला आहे आणि त्यात जवळचे पाहण्याचा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला असतो. पडदा उंच ठेवला की मी नकळत हनुवटी वर करून, भिंगाच्या तळातून वाचत होतो. अशा चष्म्याच्या माणसाने पडदा सर्वसाधारण नियमापेक्षा खाली ठेवून थोडा मागे कलवावा. गठ्ठ्यातील अर्धे अंक काढल्यावर मान सुटली. पुढे मी टेबलाच्या कडेला आवळण्याचा आर्म घेतला. मॉनिटरच्या पाठीवर १०० बाय १०० मिलिमीटर अंतरावर चार छिद्रे आहेत आणि त्यांत एम-४ मापाचे स्क्रू बसतात. मात्र आर्मसोबत आलेले लांब स्क्रू जोर लावून पिळू नयेत, कारण ते आत पॅनेलपर्यंत पोहोचू शकतात. आर्म घेताना तो किमान किती वजनासाठी आहे हेही पाहावे, नाहीतर स्टँड काढलेला हलका मॉनिटर आपोआप वर उचलला जातो.

आता उन्हाळ्याविषयी. माझ्या मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत वापराचे तापमान शून्य ते ४० अंश दिले आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या स्लॅबखालच्या खोलीत ही मर्यादा दुपारी बारापूर्वीच ओलांडली जाते, आणि हे लिहिणाऱ्याने भुसावळचा उन्हाळा पाहिलेला नसावा, असे मनात येते. उष्णतेने मॉनिटर त्या दिवशीच बंद पडतो असे नाही. तिच्यामुळे त्याचे आयुष्य कमी होते. वीजपुरवठ्याच्या भागात जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे घटक) असतात, त्यांचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणून मी मॉनिटर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, पाठीमागच्या जाळीवर प्रूफांचे कागद टेकवणे बंद केले आणि ब्राइटनेस कमी ठेवला, कारण तेवढी उष्णताही कमी निर्माण होते. प्लगला लावण्याच्या मीटरवर मोजले तेव्हा पूर्ण ब्राइटनेसला २२ वॅट आणि ३५ वर १४ वॅट असा फरक दिसला. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन पडद्यावर पडू नये म्हणून टेबलही फिरवले. आता खिडकी डाव्या बाजूला येते. समोर असती तर डोळे दिपले असते आणि पाठीमागे असती तर तिचे प्रतिबिंब पडद्यात दिसले असते.

कूलर हा आमच्याकडचा खरा पेच आहे, कारण त्याच्याशिवाय माणूस बसू शकत नाही आणि त्याच्या झोतात मॉनिटर ठेवता येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात माझा कूलर तिरपा टेबलाकडे होता. जाळ्या नव्या असल्या की झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की पंधरा दिवसांत पडद्यावर पांढरे ठिपके दिसू लागले. ते नखाने किंवा कोरड्या कापडाने खरवडले असते तर लेपासह निघाले असते. डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेले मायक्रोफायबर कापड मी दोन-तीन मिनिटे हलकेच टेकवून ठेवले तेव्हा ते विरघळले. एक ठिपका राहिला, तो मी राहू दिला आहे. आता कूलरचा झोत माझ्या पाठीवर येतो, मॉनिटर त्याच्या वाटेत नाही, आणि समोरचे दार उघडे असते, कारण बंद खोलीत कूलर हवा थंड करण्याऐवजी नुसती दमट करतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडून बाहेरची हवाच ओलसर झाली की काम चालू असताना कूलरचा पंप बंद ठेवतो.

या मॉनिटरचे अ‍ॅडॉप्टर बाहेर आहे आणि तिसऱ्या उन्हाळ्यात, मे २०२४ मध्ये, तेच गेले. त्या दुपारी वीज दोनदा जाऊन आली आणि दुसऱ्यांदा आल्यावर मॉनिटरचा दिवा लागला नाही. हमी तीन वर्षांची असल्याने पैसे लागले नाहीत, परंतु सुटा भाग दुसऱ्या शहरातून यायला ११ दिवस गेले आणि एका स्मरणिकेचे काम मी मुलीच्या लॅपटॉपवर, मान मोडून, पूर्ण केले. काही दोष माझाही होता. अ‍ॅडॉप्टरची वायर आखूड असल्याने ते टेबलाखाली जमिनीवर पडलेले असे आणि त्यावर प्रूफांची कापडी पिशवी. नवे अ‍ॅडॉप्टर भिंतीवर खिळ्याला, चहूबाजूंनी हवा लागेल असे अडकवले आहे. बाजारातून दुसरे घेण्याची वेळ आली तर व्होल्टचा आकडा आणि पिनेची धन-ऋण बाजू मूळच्यासारखीच हवी, अँपिअर मूळचे किंवा त्याहून अधिक चालतात. पिन बसते म्हणून कोणतेही लावू नये. भर दुकानात मला तसे करून देण्याची तयारी दाखवली गेली होती.

त्याच सुमारास संगणकाच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत, म्हणून वीजतंत्रीला बोलावले. त्याने अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले आणि झिणझिण्या थांबल्या. उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळते, खड्डा सुकतो आणि कोरडी माती विजेला वाट देत नाही. वीज जमिनीत नेण्यासाठी बांधलेली सोय तेव्हा नावापुरतीच उरते. आता मार्च ते जून दर रविवारी तुळशीबरोबर त्या खड्ड्यालाही पाणी मिळते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या छिद्रात ओढूनताणून बसवण्याची पद्धत अनेक घरांत आणि कार्यालयांत दिसते, ती तर सरळ धोक्याची आहे. विजेच्या दाबाचे अचानक धक्के अडवणारा स्पाइक गार्ड मी वापरतो. परंतु त्यातील संरक्षक घटक दर धक्क्याबरोबर झिजतो, त्यामुळे पाच-सहा वर्षांपूर्वीच्या स्पाइक गार्डवर विसंबू नये. मृगाच्या गडगडाटात नुसते बटण बंद न करता प्लग काढतो आणि इंटरनेटची केबलही उपटतो, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही आत येतो.

पावसाळ्यातील एक प्रकार मात्र मला अगदी अनपेक्षित होता. रात्री खोलीतील दिवा बंद करून काम करत असताना तिळाच्या दाण्याएवढा एक किडा पानावर दिसला. मी बोटाने झटकला तर तो हलेना, कारण तो पडद्याच्या आत होता. प्रकाशाकडे ओढले जाणारे असे बारीक किडे पाठीमागच्या फटींतून शिरून पडदा आणि दिव्यांचे थर यांच्या मधोमध पोहोचतात. अशा वेळी बोटाने दाबणे ही मोठी चूक ठरते. किडा आतच चिरडला जातो आणि ‘विरामचिन्ह’ कायमचे होऊन बसते. मी मॉनिटर बंद केला, शेजारी टेबललॅम्प लावला आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा तो निघून गेला होता. तेव्हापासून रात्री खोलीतील दिवा चालूच ठेवतो, आणि डोळ्यांनाही तेच बरे.

पुसण्यासाठी आठवड्यातून एकदा मॉनिटर बंद करून थंड होऊ देतो. काळ्या पडद्यावर धूळ स्पष्ट दिसते. फाल्गुन-चैत्रातील धूळ कणीदार असते, म्हणून आधी मऊ ब्रशने ती खाली झाडायची आणि मगच कापड लावायचे, नाहीतर तोच कण पडद्यावर ओरखडा काढतो. पाणी कापडावर घ्यायचे, पडद्यावर कधीच नाही. याहून अधिक काही लागत नाही आणि ‘स्क्रीन क्लीनर’ म्हणून मिळणाऱ्या महागड्या बाटल्यांत मला काही विशेष आढळले नाही.

जुना १९ इंची मॉनिटर भंगारवाल्याने शंभर रुपयांत मागितला होता, तो दिला नाही. त्या काळातील अनेक मॉनिटरमध्ये एलईडीऐवजी बारीक नळ्यांचे दिवे असत आणि त्यांत पारा असतो. त्याही आधीच्या पेटीसारख्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते आणि प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. हातोड्याने फोडून तांबे काढण्याची ही वस्तू नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून तो त्या कंपनीच्या संकलन केंद्राकडे सोपवला. पावतीवर रक्कम शून्य होती.

ज्याचे काम अक्षरांचे आहे, अशा माणसाला हा मॉनिटर मी घ्यायला सांगेन. छायाचित्रकाराला सांगणार नाही, कारण काळा रंग कोपऱ्यांत करडा दिसतो. गेल्या महिन्यात मुलीसाठी त्याच कंपनीचा, पण उंची बदलणारे स्टँड असलेला मॉनिटर २,००० रुपये जास्त देऊन घेतला, आणि दुकानात पाचही रंग लावून पाहिले. एकही ठिपका नव्हता. दिवाळी अंकांचा उरलेला गठ्ठा परत माळ्यावर गेला आहे.